नकाराची छाननी: ऑस्ट्रेलियातील संरक्षण व्हिसा आणि न्यायालये

मायदेशी परतल्यास छळ होईल, जीव जाईल किंवा अमानुष वागणूक वाट्याला येईल, या भीतीने आश्रय मागणाऱ्या माणसाला ऑस्ट्रेलियाच्या कायद्यानुसार जी राहण्याची परवानगी मिळते, तिला ‘संरक्षण व्हिसा’ म्हणतात. ही परवानगी कायद्याच्या दृष्टीने शासनाची मेहेरबानी नाही. १९५८ च्या स्थलांतर अधिनियमाचे ६५ वे कलम असे सांगते की, अर्जदार ठरावीक निकषांत बसतो अशी मंत्र्याची खात्री पटली तर व्हिसा द्यावाच लागतो आणि ती पटली नाही तर नाकारावाच लागतो. दोहोंच्या मधली जागा कलमात ठेवलेली नाही. साहजिकच सारी मदार ‘खात्री’ या एका शब्दावर येते. ही खात्री करून घेण्याचे काम प्रत्यक्षात मंत्र्याने नेमलेला अधिकारी करतो, त्यानंतर न्यायाधिकरणाचा सदस्य करतो, आणि दोघांचीही खात्री पटली नाही की प्रकरण न्यायालयात पोहोचते. न्यायालयाला मात्र स्वतःची खात्री करून घेण्याचा अधिकारच नाही. दुसऱ्याची खात्री पटली नाही ती कायद्याने आखून दिलेल्या रीतीने पटली नाही की कसे, एवढेच न्यायाधीश पाहू शकतो. नाकारलेल्या संरक्षण व्हिसाचे न्यायिक पुनर्विलोकन म्हणजे नेमकी ही तपासणी होय, आणि तिचे सामर्थ्य व तिची मर्यादा ही दोन्ही याच चौकटीतून निघतात.

मुळातील निकष १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारातून आले आहेत. हा करार अंमलात येण्यासाठी सहा देशांची संमती आवश्यक होती आणि जानेवारी १९५४ मध्ये ती सहावी संमती ऑस्ट्रेलियाने दिली, ही गोष्ट त्या देशाच्या पुढील कडक धोरणांच्या पार्श्वभूमीवर थोडी विसरली गेली आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत, या पाचांपैकी एखाद्या कारणाने छळ होण्याची साधार भीती असलेली व्यक्ती म्हणजे निर्वासित, अशी त्या कराराची व्याख्या आहे. पूर्वी ऑस्ट्रेलियाचा अधिनियम थेट कराराकडे बोट दाखवत असे. २०१४ च्या दुरुस्तीने ही व्याख्या संसदेने आपल्या शब्दांत अधिनियमातच उतरवली. जे लोक या पाच कारणांत बसत नाहीत, पण परत धाडल्यास ज्यांना यातना, मृत्युदंड किंवा क्रूर वागणुकीला सामोरे जावे लागेल, त्यांच्यासाठी मार्च २०१२ पासून ‘पूरक संरक्षण’ नावाचा दुसरा निकष लागू झाला. भीती साधार केव्हा मानायची याचे मोजमाप हायकोर्टाने १९८९ मध्येच घालून दिले होते: छळाची शक्यता निम्म्याहून अधिक असण्याची गरज नाही, ती दूरान्वयाची किंवा कल्पनेतली नसून खरी असली म्हणजे पुरे. न्यायमूर्ती मॅकह्यू यांनी त्या निकालात दहा टक्के शक्यतेतही साधार भीती असू शकते असे नोंदवले होते. येथे एक खुलासा आवश्यक आहे. भारतीय वाचकाला हायकोर्ट म्हटले की राज्याचे उच्च न्यायालय आठवते. ऑस्ट्रेलियात मात्र ‘हायकोर्ट’ हेच देशाचे सर्वोच्च न्यायालय आहे.

अधिकाऱ्याने अर्ज नाकारल्यावर अर्जदाराला पहिली दाद न्यायाधिकरणाकडे मागता येते. १९९३ मध्ये निर्वासितांच्या प्रकरणांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण स्थापन झाले, १ जुलै २०१५ रोजी ते प्रशासकीय अपील न्यायाधिकरणात विलीन करण्यात आले, आणि १४ ऑक्टोबर २०२४ पासून त्याची जागा नव्या प्रशासकीय पुनर्विलोकन न्यायाधिकरणाने घेतली. पाट्या बदलल्या तरी कामाचे स्वरूप बरेचसे तेच राहिले. न्यायाधिकरण प्रकरणाच्या गुणावगुणांत शिरते, नवा पुरावा घेते, दुभाष्यामार्फत अर्जदाराला प्रश्न विचारते, त्याच्या देशातील परिस्थितीचे अहवाल वाचते आणि अधिकाऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून नव्याने निर्णय देते. साधारणपणे समोर विरुद्ध पक्षाचा वकील नसतो. सदस्य स्वतःच चौकशी करतो आणि स्वतःच निवाडा करतो. अर्जदाराची हकिगत खरी की रचलेली, हे ठरवण्याची खरी जागा हीच आहे. येथे जे सांगितले गेले नाही ते पुढे न्यायालयात सांगून सहसा उपयोग होत नाही, कारण न्यायाधिकरणापुढे जे नव्हतेच त्याचा विचार केला नाही असा दोष न्यायाधिकरणाला लावता येत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, हा व्यवहारी न्याय येथे अक्षरशः लागू पडतो.

न्यायाधिकरणानेही नकार दिल्यावर जे सुरू होते ते अपील नसून पुनर्विलोकन आहे. मराठीत ‘पुनर्विलोकन’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो आणि त्यामुळे घोटाळा संभवतो. न्यायालय आपल्याच निकालाचा फेरविचार करते तेव्हाही तो वापरला जातो, पण येथे अभिप्रेत असलेला अर्थ निराळा आहे: शासनाच्या किंवा न्यायाधिकरणाच्या कृतीला कायद्याचा आधार होता की नाही, याची स्वतंत्र न्यायालयाने केलेली तपासणी. अपिलात वरचे न्यायालय निर्णय चूक की बरोबर हे ठरवून आपला निर्णय त्याजागी ठेवू शकते. पुनर्विलोकनात चुकीचा, कठोर किंवा न्यायाधीशाला स्वतःला मुळीच न पटणारा निर्णयही टिकू शकतो, जर तो अधिकाराच्या मर्यादेत राहून घेतलेला असेल. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी १९९० च्या एका प्रसिद्ध निकालात ही भूमिका स्पष्टपणे मांडली. त्यांच्या मते न्यायालयाचे कर्तव्य अधिकाराची सीमा सांगणे व तिची अंमलबजावणी करणे एवढेच असून, त्या ओघात प्रशासनातला अन्याय दूर झाला तर उत्तम, पण केवळ अन्याय दूर करण्यासाठी न्यायालयाला हस्तक्षेपाची मुभा नाही. ऑस्ट्रेलियातील निर्वासितविषयक सारे न्यायशास्त्र या एका विधानाच्या सावलीत वाढले आहे.

या तपासणीचा पाया देशाच्या संविधानात आहे. १९०१ मध्ये अंमलात आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या संविधानातील ७५ व्या कलमाचे पाचवे उपकलम, संघराज्याच्या अधिकाऱ्याविरुद्ध महादेश, प्रतिषेध किंवा मनाई हुकूम मागितला जाईल अशा प्रत्येक प्रकरणात हायकोर्टाला मूळ अधिकारिता देते. महादेश म्हणजे कर्तव्य पार पाडण्याचा आदेश आणि प्रतिषेध म्हणजे अधिकाराबाहेर पाऊल टाकण्यास बंदी. कनिष्ठ संस्थेचा निर्णय मागवून घेऊन रद्द करणारा तिसरा आदेश, म्हणजे प्राकर्षण, या उपकलमात शब्दशः नाही, पण अन्य दोहोंच्या सोबतीने तो दिला जातो. भारतीय संविधानाच्या ३२ व्या आणि २२६ व्या अनुच्छेदांतील रिट याचिकांशी परिचित असलेल्या वाचकाला ही मंडळी अनोळखी वाटणार नाहीत. दोन्ही देशांनी ती इंग्लंडच्या जुन्या न्यायपद्धतीतून घेतली. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या तरतुदीला संविधानाचा आत्मा आणि हृदय मानले, ती हीच रिट मागण्याची तरतूद होती. फरक असा की, भारतात या आदेशांना मूलभूत हक्कांच्या प्रकरणाची जोड आहे, तर ऑस्ट्रेलियाच्या संविधानात हक्कांची सनदच नाही, आणि म्हणून आश्रय मागणाऱ्या परकीयाला तेथे हाताशी उरतो तो बहुतांशी हा एकच आधार.

हे उपकलमही योगायोगाने वाचलेले आहे. त्याची कल्पना टास्मानियाचे कायदेपंडित अँड्र्यू इंग्लिस क्लार्क यांची. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८०३ च्या मार्बरी खटल्यात असे ठरवले होते की, अधिकाऱ्याला महादेश देण्याची मूळ अधिकारिता संविधानाने त्या न्यायालयाला दिलेली नाही. तशी उणीव आपल्याकडे राहू नये म्हणून क्लार्क यांनी ही तरतूद मसुद्यात घातली. १८९८ मध्ये मेलबर्न येथील संविधान अधिवेशनात प्रतिनिधींनी ती अनावश्यक समजून गाळली. क्लार्क त्या अधिवेशनाचे सदस्य नव्हते, परंतु त्यांनी अधिवेशनाचे नेते एडमंड बार्टन यांना मार्बरी खटल्याची आठवण करून दिली आणि बार्टन यांनी तरतूद परत बसवून घेतली. त्या काळी तिचा उपयोग निर्वासितांना होईल असे कोणाच्या मनातही नसावे. ज्या संघराज्याने जन्मल्या वर्षीच गौरेतरांना रोखणारा प्रवेशनिर्बंध कायदा केला, त्याच्याच संविधानातले हे वाक्य पुढे गौरेतर आश्रयार्थींच्या सर्वाधिक कामी आले.

संसदेला ही तपासणी कधीच फारशी रुचली नाही. १९९४ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने हायकोर्टाखालच्या फेडरल न्यायालयापुढे मांडता येणारी कारणे तोडून टाकली, आणि नैसर्गिक न्यायाचा भंग हेही त्यांतून वगळले. परिणाम उलटा झाला: वगळलेली कारणे घेऊन अर्जदार थेट हायकोर्टाच्या मूळ अधिकारितेकडे धावू लागले. त्यानंतर आला ऑगस्ट २००१ मधील ‘टांपा’ जहाजाचा प्रसंग. समुद्रात बुडण्याच्या बेतात असलेल्या बोटीवरून चारशेहून अधिक आश्रयार्थींना वाचवणाऱ्या या नॉर्वेच्या जहाजाला ऑस्ट्रेलियाने त्यांना आपल्या ख्रिसमस बेटावर उतरवू दिले नाही, आणि त्या तापलेल्या वातावरणात, निवडणुकीच्या तोंडावर, संसदेने कायद्यांचा एक संचच संमत केला. त्यात अधिनियमाला जोडलेले ४७४ वे कलम असे होते की, या अधिनियमाखाली घेतलेला निर्णय अंतिम असेल आणि त्याला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, की त्यावर महादेश वा प्रतिषेध मागता येणार नाही. न्यायालयाचे दार बंद करणाऱ्या अशा तरतुदी ब्रिटिश परंपरेत पूर्वीही होत्या, पण येथे दार बंद करणारी संसद आणि दार उघडे ठेवणारे संविधान समोरासमोर आले.

हायकोर्टाने ४ फेब्रुवारी २००३ रोजी दिलेल्या निकालात, ज्याला ‘फिर्यादी एस १५७’ या नावाने ओळखले जाते, हे कलम रद्द केले नाही. त्याने ते फक्त नीट वाचले. कलम ‘अधिनियमाखाली घेतलेल्या निर्णया’ला संरक्षण देते, पण ज्या निर्णयात अधिकारितेची चूक झाली आहे तो कायद्याच्या दृष्टीने निर्णयच नसतो, मग तो अधिनियमाखालचा निर्णय कसा असेल? आणि कलमाचा याहून व्यापक अर्थ लावला तर ते ७५ व्या कलमाच्या आड येईल, जे संसदेच्या हातात नाही. कलम पुस्तकात राहिले, त्यातला दात मात्र पडला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालात उच्च न्यायालयांचे पुनर्विलोकन संविधानाच्या मूलभूत संरचनेचा भाग आहे असे ठरवून जे साधले, ते ऑस्ट्रेलियाने मूलभूत संरचना हा शब्दही न उच्चारता केवळ एका वाक्याच्या अर्थान्वयाने साधले. याला कायदेशीर चातुर्य म्हणावे की शब्दच्छल, याबद्दल मतभेद होऊ शकतात. पण निर्णयाला ‘निर्णय’ म्हणण्याची किमान लायकी असते आणि ती सरकारच्या घोषणेने येत नाही, हा त्यातला मुद्दा शब्दच्छलाच्या पलीकडचा आहे.

या निकालानंतर सर्व भार ‘अधिकारितेची चूक’ या संकल्पनेवर पडला. प्रत्येक चूक अधिकारितेची नसते. न्यायाधिकरणाने एखाद्या गावाचे अंतर चुकीचे लिहिले किंवा पुराव्याचे मोल न्यायाधीशाच्या मते कमी लावले, तर ती अधिकाराच्या मर्यादेतली चूक होय. उलट त्याने कायद्याने विचारायला सांगितलेला प्रश्न सोडून वेगळाच प्रश्न विचारला, अर्जदाराने स्पष्टपणे मांडलेला दावा विचारातच घेतला नाही, त्याला बाजू मांडण्याची खरी संधी दिली नाही, पूर्वग्रह ठेवला किंवा कोणतीही विवेकी व्यक्ती काढणार नाही असा निष्कर्ष काढला, तर त्याने सोपवलेले काम केलेच नाही असे मानले जाते. व्याख्या वाचताना ही सीमारेषा ठळक वाटते. प्रकरणे वाचू लागले की ती किती ठिकाणी पुसट आहे हे कळते.

त्याचे सर्वांत बोलके उदाहरण डिसेंबर २००३ मधील ‘एस ३९५’ हे प्रकरण आहे. अर्जदार बांगलादेशातील दोन समलिंगी पुरुष होते आणि ते तेथे एकत्र राहत होते. न्यायाधिकरणाने त्यांचे नाते खरे मानले, बांगलादेशी समाजात अशा नात्याला उघडपणे वाव नाही हेही मान्य केले, पण हे दोघे तेथे बोभाटा न करता राहिले आणि पुढेही तसेच राहतील, तेव्हा छळाची खरी शक्यता नाही, असा निष्कर्ष काढला. वरवर पाहता हा वस्तुस्थितीचा निष्कर्ष होता आणि न्यायालयाने त्याला हात लावायला नको होता. हायकोर्टाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने वेगळा विचार केला. हे दोघे गुपचूप का राहिले, स्वभावाने की भीतीने, हा प्रश्न न्यायाधिकरणाने स्वतःला विचारलाच नव्हता. आणि जे लपणे छळाच्या धाकातून येते ते छळापासूनचे संरक्षण नसून कदाचित छळाचाच एक भाग असते. प्रश्न चुकला म्हणून उत्तर गेले. आपला धर्म, मत किंवा प्रेम दडवून ठेव म्हणजे सुरक्षित राहशील, असे निर्वासिताला सांगता येत नाही, हे तत्त्व या निकालातून पुढे आले आणि २०१० मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने इराण व कॅमेरूनमधील अर्जदारांच्या प्रकरणात तेच उचलून धरले. सीमारेषा पुसट होती म्हणूनच हे घडू शकले, हे मान्य करायला हरकत नसावी. अल्पमतातल्या तिघा न्यायमूर्तींना तेच प्रकरण केवळ वस्तुस्थितीचे वाटले होते आणि त्यांचे म्हणणेही तर्काला सोडून नव्हते.

या प्रकरणांची नावे वाचणाऱ्याला चमत्कारिक वाटतात. अधिनियमाच्या एका तरतुदीनुसार संरक्षण व्हिसा मागणाऱ्याचे नाव न्यायालयाला प्रसिद्ध करता येत नाही, कारण निकालाची प्रत त्याच्या देशातील छळणाऱ्यांच्या हाती पडली तर नकारापेक्षा प्रसिद्धीच जिवावर उठायची. म्हणून माणसांच्या जागी अक्षरे येतात: सिडनीत दाखल झालेल्या प्रकरणांना ‘एसझेड’, मेलबर्नच्या प्रकरणांना ‘एमझेड’, पर्थच्या प्रकरणांना ‘डब्ल्यूझेड’ अशी सुरुवात होत असे. ज्याच्या आयुष्यातला सर्वांत बिकट प्रसंग कायद्याच्या पुस्तकांत कायमचा नोंदला जातो, तो तेथे पाच अक्षरांचा मालक म्हणून उरतो.

‘एसझेडबीईएल’ हा असाच एक अर्जदार, इराणी खलाशी. ख्रिस्ती धर्माकडे आपला ओढा असल्याचे जहाजाच्या कप्तानाला कळले आहे आणि परतल्यास धोका आहे, असे सांगून त्याने संरक्षण मागितले. अधिकाऱ्याने अर्ज ज्या मुद्द्यांवर फेटाळला, त्यांहून वेगळ्या गोष्टी न्यायाधिकरणाला अविश्वसनीय वाटल्या, पण सुनावणीत त्यांविषयी शंका व्यक्त केली गेली नव्हती. २००६ मध्ये हायकोर्टाने एकमताने म्हटले की, कोणत्या मुद्द्यावर आपले भवितव्य ठरणार आहे हे माणसाला कळले पाहिजे; तो मुद्दा अधिकाऱ्याच्या निर्णयावरून कळत नसेल तर न्यायाधिकरणाने तो समोर ठेवला पाहिजे. त्याच्या आधल्या वर्षी मँडियन या अल्पसंख्य पंथातील एका इराणी स्त्रीच्या प्रकरणात, तिच्या मुलीने तिच्या गैरहजेरीत दिलेली प्रतिकूल माहिती तिला तोंडी सांगितली गेली, पण कायद्याने सांगितल्याप्रमाणे लेखी कळवली गेली नाही, एवढ्यावरून तीन विरुद्ध दोन मतांनी निर्णय रद्द झाला होता. बहुमताचा युक्तिवाद असा की, संसदेने जी पद्धत सक्तीची केली ती पाळणे ही निर्णयाची पूर्वअट आहे. खरी गंमत येथे आहे. नैसर्गिक न्यायाच्या मोकळ्या कल्पनेला आवर घालण्यासाठी संसदेने सुनावणीचे नियम कलमाकलमाने लिहून काढले, आणि त्या नियमांची शब्दशः अंमलबजावणी करून न्यायालयांनी निर्णय रद्द करण्याची नवी वाट काढली.

नैसर्गिक न्याय केवळ न्यायाधिकरणाच्या वागण्यावरच अवलंबून नसतो. २००७ मध्ये निकाल लागलेल्या ‘एसझेडएफडीई’ प्रकरणात एका लेबनीज कुटुंबाला, वकिलीची सनद आधीच गमावलेल्या एका इसमाने, सुनावणीला जाऊ नका असा सल्ला दिला होता. न्यायाधिकरणाची काहीच चूक नव्हती; त्याने बोलावले, कोणी आले नाही, त्याने नियमाप्रमाणे निर्णय दिला. तरीही हायकोर्टाने एकमताने तो निर्णय निष्फळ ठरवला, कारण त्या लबाडीने केवळ कुटुंबाचीच फसवणूक झाली असे नाही, तर न्यायाधिकरणाला आपले वैधानिक काम पार पाडता आले नाही. अडाणी किंवा बेफिकीर सल्ल्याला मात्र ही सवलत मिळत नाही. लबाडी सिद्ध करावी लागते. परक्या भाषेत, उसन्या पैशावर, ओळखीच्या माणसाने गाठून दिलेल्या सल्लागारावर विसंबणाऱ्यांसाठी हा भेद फार बारीक आणि फार महाग आहे.

प्रत्यक्षात बहुसंख्य अर्ज विश्वासार्हतेच्या प्रश्नावर पडतात आणि तेथेच न्यायालयाचे हात सर्वांत आखडते असतात. मुलाखतीत सांगितलेली अटकेची तारीख अर्जातल्या तारखेशी जुळत नाही, एखादी महत्त्वाची घटना पहिल्या वेळी सांगितलेली नसते, आणि त्यावरून संपूर्ण हकिगत खोटी ठरवली जाते. शितावरून भाताची परीक्षा स्वयंपाकघरात चालते. आघातातून आलेल्या, दुभाष्याच्या तोंडून बोलणाऱ्या माणसाच्या स्मृतीला ती लावणे धोक्याचे आहे. परंतु न्यायाधिकरणाचा कारणांसहित निकाल शब्दाशब्दाचा कीस काढत, चुका शोधण्याच्या दृष्टीने वाचू नये, असे हायकोर्टाने १९९६ मध्येच बजावले आहे. ‘एसझेडएमडीएस’ या २०१० च्या प्रकरणात पाकिस्तानी अर्जदाराचा समलिंगी असल्याचा दावा न्यायाधिकरणाने अमान्य केला तो मुख्यतः यासाठी की, तो मध्यंतरी पाकिस्तानात जाऊन आला होता आणि ब्रिटनमधील अल्पशा मुक्कामात त्याने आश्रय मागितला नव्हता. फेडरल न्यायालयाला हा तर्क विसंगत वाटला. हायकोर्टाने तीन विरुद्ध दोन मतांनी उलट ठरवले. विवेकी माणसांत ज्या पुराव्यावरून मतभेद होऊ शकतो, त्यावरून काढलेला निष्कर्ष अतार्किक म्हणता येत नाही, हे त्यामागचे सूत्र. सूत्र निर्दोष आहे, पण देशाच्या सर्वोच्च न्यायालयातले पाच न्यायमूर्तीच ‘विवेकी’ म्हणजे काय यावर दुभंगतात, तेव्हा या कसोटीच्या नेमकेपणाबद्दल फार बढाई मारण्यात अर्थ नाही.

२०१८ पासून आणखी एक अट पक्की झाली, ती परिणामकारकतेची. चूक झाली एवढे दाखवून भागत नाही. ती झाली नसती तर निर्णय वेगळा होण्याची वास्तव शक्यता होती, हेही दाखवावे लागते. मे २०२१ च्या ‘एमझेडएपीसी’ या प्रकरणात अर्जदार भारतीय नागरिक होता. स्थलांतर खात्याने न्यायाधिकरणाकडे काही कागद गोपनीयतेच्या प्रमाणपत्रासह पाठवले, त्यांत त्याच्या किरकोळ गुन्ह्यांची नोंद होती, आणि या प्रमाणपत्राची त्याला कल्पनाच देण्यात आली नाही. यात नैसर्गिक न्यायाचा भंग झाला, हे मान्य झाले. तरीही चार विरुद्ध तीन मतांनी तो हरला, कारण न्यायाधिकरणाने ते कागद विचारात घेतल्याचे त्याला दाखवता आले नाही. जे कागद आपल्यापासून लपवले गेले त्यांचा निर्णयावर काय परिणाम झाला हे सिद्ध करण्याचा भार लपवणाऱ्यावर न टाकता अर्जदारावर टाकणे, हे तर्काला धरून असले तरी न्यायाच्या भावनेला सहज पटणारे नाही. एप्रिल २०२४ मध्ये हायकोर्टाने ही पायरी फार उंच नाही असा खुलासा केला, हे चांगले झाले. शिवाय या अटीमुळे एक जुना दावा हळूच मागे घेतला गेला आहे. वेगळा निर्णय शक्य होता का, हे ठरवायचे तर न्यायाधीशाला पुराव्यात थोडे तरी डोकवावेच लागते, म्हणजे गुणावगुणांच्या ज्या अंगणात पाऊल न टाकण्याची शपथ होती, त्याच्या कुंपणावरून आत पाहावे लागते.

हे सारे सिद्धान्त हायकोर्टात घडतात. रोजचा व्यवहार मात्र सप्टेंबर २०२१ पासून ‘फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्ट’ असे लांब नाव धारण केलेल्या न्यायालयाच्या दुसऱ्या विभागात चालतो. अर्ज ३५ दिवसांत करावा लागतो आणि हे दिवस निकाल हाती पडल्यापासून मोजले जात नाहीत, निकालाच्या तारखेपासून मोजले जातात. मुदतवाढ देता येते, पण ती नाकारली गेली तर त्या नकारावर फेडरल न्यायालयात अपील करता येत नाही. पुष्कळ अर्जदार वकिलाविना उभे राहतात. त्यांचा समज असा असतो की, आपली कहाणी येथे कोणी तरी अखेर नीट ऐकून घेईल. आणि न्यायाधीशाला त्यांना दुभाष्यामार्फत पुनःपुन्हा समजावावे लागते की, तुमच्यावर काय ओढवले ते मी ठरवू शकत नाही, न्यायाधिकरणाने कायदा कोठे मोडला ते सांगा. जीव मुठीत धरून आलेल्या माणसाने ‘अधिकारितेची चूक’ दाखवून द्यावी, ही अपेक्षा ऐकायलाच विचित्र वाटते, पण तीच प्रक्रियेची मागणी आहे. हरल्यास मंत्र्याचा खर्चही बहुधा त्याच्याच माथी येतो. दावा प्रलंबित असताना अनेकांना तात्पुरत्या ‘ब्रिजिंग’ व्हिसावर देशात राहता येते, त्यामुळे केवळ वेळ काढण्यासाठी केलेले दावेही येतात, ही शासनाची तक्रार निराधार नाही. मात्र दावे वर्षानुवर्षे रेंगाळणे हेच त्यांचे मुख्य आकर्षण असेल, तर उपाय अधिक न्यायाधीश नेमण्याचा आहे, दार अरुंद करण्याचा नव्हे.

जिंकणाऱ्यालाही व्हिसा मिळत नाही. न्यायालय जुना निर्णय रद्द करते आणि कायद्याप्रमाणे पुन्हा निर्णय घ्या असा महादेश देते. प्रकरण न्यायाधिकरणाकडे, सहसा दुसऱ्या सदस्यासमोर, परत जाते. भीतीचे मोजमाप नव्या निर्णयाच्या दिवशीच्या परिस्थितीवरून होते, त्यामुळे मधली वर्षे कधी तारतात, कधी मारतात. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेल्यावर, पूर्वी नाकारला गेलेला पण न्यायालयाने परत पाठवलेला अफगाण अर्ज वेगळ्याच देशाविषयीचा अर्ज बनला. ज्यांची याचिका त्याआधीच फेटाळली गेली होती त्यांना या बदलाचा न्यायालयात काहीच फायदा नव्हता, कारण निर्णय घेतेवेळी तो कायदेशीर होता. देश न सोडता दुसऱ्यांदा संरक्षण व्हिसा मागण्यासही अधिनियमाची मनाई आहे. उरते ती मंत्र्याची वैयक्तिक विशेष सत्ता: सार्वजनिक हितासाठी तो ही मनाई उठवू शकतो किंवा न्यायाधिकरणाच्या निर्णयाहून अनुकूल निर्णय देऊ शकतो, पण विचार करण्यास त्याला कोणीही भाग पाडू शकत नाही. मंत्र्याच्या अधिकाऱ्यापासून निघालेला माणूस अशा रीतीने फिरून मंत्र्याच्याच दाराशी येतो, आणि तेथे महादेश पोहोचत नाही. एप्रिल २०२३ मध्ये हायकोर्टाने एवढे मात्र ठरवले की, कोणते प्रकरण सार्वजनिक हिताचे याचा निवाडा खात्यातल्या अधिकाऱ्यांनी मंत्र्याच्या वतीने परस्पर करून फायली बंद करणे हे त्यांच्या अधिकाराबाहेरचे आहे. टेबलावर आलेली फाईल उघडायची की नाही, हे अजूनही मंत्र्याच्याच मर्जीवर आहे.